ट्रॉलीचं स्टेज

ट्रॉली खाली यायला लागली होती आणि जुन्नरचा पोरगा तिच्याखाली होता. मला त्याचे फक्त पाय दिसत होते, गुडघ्याखालचे, एका पायातला बूट अर्धा निघालेला. बाकी सगळा तो आत होता, वर उचललेल्या ट्रॉलीच्या पोटाखाली, चेसीच्या लोखंडावर आडवा होऊन वायर ओढत. ट्रॅक्टरवर माझा मुलगा बसला होता. त्याचं तोंड पलीकडं होतं आणि हात हायड्रॉलिकच्या दांड्यावर. मी ओरडले, "थांबव! बंद कर ते!"

समोर बसलेलं सगळं गाव हसलं.

त्यात गावाची काही चूक नाही. बराच वेळ ते माझ्याच आवाजाला हसत होते. स्पीकरमधून माझाच आवाज चालला होता, "बंद करा ते! बंद करा म्हणते ना!" मागून मी खरोखर ओरडले, तर त्यांना तेही नाटकातलंच वाटलं. माझ्या मुलालाही तसंच वाटलं. त्यानं मान वळवली नाही.

हे कसं झालं ते मी सांगते, कारण नंतर ज्यानं त्यानं वेगळंच सांगितलं. कोणी म्हणालं ट्रॉली उलटली, कोणी म्हणालं करंट बसला. आळ्याच्या बाजारात एका बाईनं मलाच विचारलं, बिबट्या स्टेजवर चढला होता म्हणे? बिबट्याचा काही संबंध नव्हता. आमच्याकडं काहीही झालं की आधी बिबट्याचं नाव घेतात.

आमचं घर आळ्याच्या शिवारात, आळेफाट्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून. घरामागं कांद्याची चाळ आहे. लांबलचक, वर पत्रा, बाजूंना जाळी, वारं आरपार जाईल अशी. दिवाळीच्या आसपास शेवटचा कांदा निघतो आणि उन्हाळ्यात नवा भरतो. मधले महिने चाळ रिकामी असते. रिकामी चाळ बघून माझ्या नातीला जे सुचलं ते दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं.

नात पुण्याला शिकायला होती. शिकून आली ती नोकरी न घेता आली. येताना दोन मित्र घेऊन आली आणि म्हणाली, "आज्जी, आम्ही संस्था काढलीय."

"कसली?"

"हिपहॉप थिएटरची."

"म्हंजी काय करता?"

"तालात बोलायचं, नाचायचं, आणि त्यातनं गोष्ट सांगायची."

"मग नाटक म्हन की."

"नाटक न्हाई गं ते."

"मग नाच म्हन."

"आज्जी, तू ऱ्हाऊ दे."

मी राहू दिलं. पण त्यांनी मला राहू दिलं नाही.

आधी चाळीच्या दारावर संस्थेचा बोर्ड लागला. निळ्या-पिवळ्या रंगात, अक्षरं अशी वाकडी की मला चौथी शिकलेलीला वाचता येईनात. मला वाटलं माझंच शिक्षण कमी पडलं, पण मुलालाही वाचता आलं नाही. पुढच्या कांद्याचं बोलायला व्यापाऱ्याचा माणूस आला, त्यानं बोर्ड बघितला आणि तो परत गेला. त्याला वाटलं आम्ही चाळ विकली. मुलगा दोन दिवस जेवताना बोलला नाही. मग एकदाच बोलला, "चाळीत कांदा पायजे. नाच न्हाय." नात म्हणाली, "कांदा आला की आम्ही निगतो." ते मात्र तिनं पाळलं.

दोन मित्रांपैकी एक पश्चिमेकडच्या डोंगरातला. घरी भात आणि नाचणी, ती घरापुरती होते, म्हणून हा नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात क्रेट उचलायचा आणि उरलेल्या वेळात डोक्यावर फिरायचा. खरंच डोक्यावर. हात सोडून, पाय वर करून, भोवऱ्यासारखा. त्याच्या टाळूवरचे वाटीएवढे केस गेले होते. मी म्हटलं, "बाळा, तुजं लग्न कोन करंल?" तो म्हणाला, "आज्जी, टोपी घालून जाईन की बघायला." त्याला सगळ्यावर उत्तर होतं आणि सहा भाकरींची भूक होती. फिरायला जमीन गुळगुळीत लागते म्हणून तो गावोगावचे जुने फ्लेक्स काढून आणायचा. कुणाचा वाढदिवस उरकला की हा सायकल घेऊन हजर. ते फ्लेक्स चाळीत उलटे अंथरायचे, पांढरी बाजू वर, शुभेच्छा देणारे सगळे पुढारी तोंडं खाली करून.

दुसरा जुन्नर शहरातला. त्याच्या घरी पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवायचा धंदा, आजोबांपासूनचा. पत्र्याचा आवाज कानात घेऊनच तो वाढला असणार, कारण दुसरा कुठला आवाज त्याला आवडत नसे. एक छोटी कोठी आणून तिच्यावर तो दोन्ही हातांनी वाजवायचा, ते मोबाईलमध्ये भरायचा, कापायचा, जोडायचा. संगीत, स्पीकर, वायरी, सगळं त्याच्याकडं. कुठं वायर सुटलेली दिसली की त्याचा हात आधी जायचा, डोकं मागून. माझा मिक्सर त्यानं एकदा दुरुस्त केला. पिन बोर्डातच होती, बटण चालू होतं, आणि याची बोटं आत. मी पिन उपटली आणि त्याला जे बोलायचं ते बोलले. तो हसून म्हणाला, "आज्जी, सवय हाय मला." मी म्हटलं, "सवय तुला हाय. करंटला न्हाई." तो पुन्हा हसला. त्याला बोलून काही उपयोग नसे, तो सगळं हसून आत घ्यायचा आणि आतल्या आत विसरायचा.

मग आसपासची आणखी पोरं-पोरी येऊ लागली. संध्याकाळी चाळ भरायची. सुरुवातीला सगळे गोल बसायचे आणि एकेकानं सांगायचं, आज मला कसं वाटतंय. रोज भेटणाऱ्या माणसांना रोज नवीन काय वाटणार? एक पोरगी रोज रडायची. मग गोलात उभे राहायचे, एकानं मध्ये यायचं, बोलायचं किंवा नाचायचं, मग दुसऱ्यानं. शेजारीण बघायला आली होती, ती म्हणाली, आपण फेर धरायचो तसंच हाय की. मी म्हटलं, काही तसं न्हाई. फेर धरताना आपण एकमेकींच्या पायाकडं बघतो. ही पोरं नुसती मधल्याकडं बघतात, शेजारचा पडला तरी यांना कळायचं न्हाई.

चाळीला भिंती नाहीत. सगळा आवाज सरळ गोठ्यात. संध्याकाळी धारेच्या वेळेला ते धडधड सुरू झालं की म्हैस पाय झाडायची, दूध चोरायची. मी बादली ठेवून उठायचे आणि चाळीकडं तोंड करून ओरडायचे, "बंद करा ते! बंद करा म्हणते ना! म्हशीला पान्हा सुटंना माझ्या! मुडद्यांनो, ऐकायला येतंय का?" ते थोडा वेळ बंद करायचे. मी बसले की पुन्हा चालू.

असे काही आठवडे गेले. मग एका संध्याकाळी मी धार काढत बसले होते आणि चाळीतून माझाच आवाज आला. मी तर बोलले नव्हते. "बंद करा ते. बंद. बंद. बंद-बंद-बंद करा ते." खाली पत्र्याची कोठी वाजत होती. म्हशीनं मान वळवून आधी माझ्याकडं बघितलं आणि मग चाळीकडं. मी गेले. सगळे पोटं धरून हसत होते. जुन्नरच्या पोरानं मोबाईल गोठ्याच्या कुडात खोचून माझं सगळं ओरडणं भरून घेतलं होतं.

"मला इचारलं का?"

"आज्जी, इचारलं असतं तर तू असं वरडली असती का?" नात म्हणाली. "तू मुद्दाम ग्वाड बोलली असतीस."

"मी कधी ग्वाड बोलले?"

"म्हणून तर."

त्यांची ती काम करायची पद्धतच होती. कोणी काही लिहून आणायचं नाही. घरात जे बोललं जातं, फाट्यावर कंडक्टर जे ओरडतो, बाजारात हमाल जे म्हणतात, ते भरून आणायचं आणि त्यावर नाटक बांधायचं. नातीनं नाटक बांधलं ते आळेफाट्यावरचं. काही पोरं फाट्यावर उभी आहेत. एक गाडी नाशिकला जाते, एक नगरला, एक पुण्याला, आणि यांचं कुठं जायचं ते ठरत नाही. प्रत्येकानं आपलं आपलं तालात सांगायचं. आणि त्यांनी काही ठरवलं, कोणी नाचलं, कोणी हसलं, की वरून माझा आवाज, "बंद करा ते!" नाटकात मी कुठं दिसत नव्हते. नुसती ओरडत होते.

मला राग आला तो याचा, की पोरांना कोणी आडवं येत नव्हतं. बाप ट्रॅक्टर देत होता, मी भाकरी देत होते, गाव टाळ्या देत होतं. आडवी मीच, तीही म्हशीपायी, आणि नाटकात जगातलं सगळं आडवं येणं माझ्या गळ्यात घातलं. मी नातीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आज्जी, ती तू न्हाई. ते प्रतीक हाय." मी म्हटलं, "प्रतीकाला माजा आवाज कशाला? तुज्या बापाचा घे." ती म्हणाली, "पप्पा बोलतात कुठं?" हे खरं होतं.

नाटकाचे प्रयोग झाले. शाळांत झाले, गणपतीत झाले. लोक माझ्या आवाजाची वाट बघायचे. मी बाजाराला गेले की पोरंटोरं मागून कोरसमध्ये, "बंद करा ते!" एसटीत कंडक्टरनं तिकीट देता देता म्हटलं, "आज्जी, एकदा म्हणून दावा की." मी म्हटलं, "तुजी गाडी बंद कर, म्हंजी म्हनते." सगळी एसटी हसली. रागावले तरी हसायचे, गप्प बसले तरी हसायचे. माझ्या तोंडातून ते शब्द जसे काढूनच घेतले होते. घरात गॅसवर दूध उतू जाताना मी सुनेला म्हटलं, "बंद कर ते," तर ती हसत बसली आणि दूध गेलं.

मग ती जत्रा आली. आंबेगाव तालुक्यातलं गाव, अवसरीच्या पुढचं. नाव सांगत नाही, माणसं चांगली होती. सकाळी बैलगाड्यांची शर्यत, मग कुस्त्या, आणि अंधार पडल्यावर मोठा कार्यक्रम. मधला दुपारचा वेळ रिकामा होता तो कमिटीनं यांना दिला. स्टेज नव्हतं. रात्रीच्या स्टेजवर चढू देणार नाही म्हणाले. मग नातीनं बापाला विचारलं आणि तो मान हलवून तयार झाला. आमची ट्रॉली आणि त्या गावातल्या एकाची ट्रॉली, दोन्ही शेजारी शेजारी लावल्या, मागची दारं, फाळके म्हणतात ती, लोकांच्या बाजूला पाडली, वर फ्लेक्स उलटे ताणून बांधले. झालं स्टेज. गावाकडं असं नेहमी करतात, सभा असो नाहीतर भजन. फरक इतकाच की आमची ट्रॉली डंपिंगची. दांडा उचलला की पुढून वर उठते आणि माल मागं ओतते.

तरी काही झालं नसतं. ट्रॅक्टर बंद असला तर ट्रॉली उठत नाही. पण नाटक अर्ध्यावर आलं आणि लाईट गेली. जुन्नरच्या पोरानं ते आधीच धरलं होतं. मामाच्या मांडवाच्या धंद्यातला जनरेटर त्यानं आणलेला होता, ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालणारा. तो जोडला, मुलाला ट्रॅक्टर चालू करायला सांगितलं, आणि वायर घाईघाईनं ट्रॉलीखालून, चेसीवरून पलीकडं स्पीकरला नेली. टाळ्या पडल्या. नाटक पुढं सुरू.

मी मागं होते, ट्रॅक्टरच्या अंगाला, उलट्या क्रेटवर. पोरांच्या पिशव्या, पाण्याचे जार आणि भाकऱ्यांचं गाठोडं सांभाळत. पुढं बसायला मला नातीनं खुर्ची ठेवली होती. मी गेले नाही. माझ्या आवाजाला हसणारं तोंड शेजारी घेऊन बसायची मला हौस नव्हती.

मुलगा ट्रॅक्टरच्या सीटवर पाठमोरा बसला होता, शेताकडं तोंड करून. दोन वर्षांत त्यानं तिचं नाटक एकदाही बघितलं नव्हतं. चाळीवरून जायचं झालं तर बांधानं वळसा घालून जायचा. त्या दिवशी नातीची बोलायची पाळी आली. ती एकटी पुढं आली आणि बापाचंच काहीतरी बोलायला लागली, तो पहाटे पाणी धरायला जातो, उसात बॅटरी मारत जातो, असं. मला आतलं नीट ऐकू आलं नाही. मुलाला आलं असावं. तो सीटवरच मागं वळला, पुरता, एक गुडघा वर घेऊन, बघायला. गुडघा दांड्याला लागला.

दोन वर्षांत एकदा बघितलं, आणि स्टेज उठलं.

हळूहळू उठलं. आधी कोणाला कळलंच नाही. डोंगरातला तेव्हा डोक्यावर फिरत होता, तो फिरता फिरता पुढं सरकायला लागला. मग पोरं, मग नात, सगळे फ्लेक्सवरून घसरत, एकमेकांना धरत, पाडलेल्या फाळक्यावरून खाली, पुढं बसलेल्या बारक्या पोरांच्या घोळक्यात. कुणाचा गुडघा फुटला, कुणाची कुल्फी गेली. फ्लेक्स अर्धा सुटून उलटला आणि सगळे पुढारी हात जोडून वर आले. गाव उठून उभं राहिलं आणि शिट्ट्या. त्यांना वाटलं, नाटकातलंच आहे. माझा आवाज तेवढा चालू होता, कारण मोबाईल पलीकडच्या ट्रॉलीवर आणि स्पीकर जमिनीवर. "बंद करा ते. बंद. बंद."

ट्रॉली उठली तशी वायर बिजागरीत धरली गेली आणि ताणली. ठिणग्या उडाल्या. मी बघितल्या आणि जुन्नरच्या पोरानंही बघितल्या. तो जनरेटरपाशी होता. मी सांगितलंच आहे, त्याचा हात आधी जातो. वाकला आणि शिरला.

तिकडून कमिटीतला एकजण हात हलवत पळत आला, "ओ भाऊ, खाली घ्या! खाली घ्या ना राव ती!" मुलगा भांबावलेला. त्याला पुढं लेक दिसत नव्हती, ट्रॉलीचं उठलेलं पोट तेवढं दिसत होतं. त्यानं त्या माणसाकडं तोंड करूनच दांडा खाली दाबला.

मी तेव्हा ओरडले. पोटापासून ओरडले. "थांबव! बंद कर ते!" आणि स्पीकर म्हणाला, "बंद करा ते! बंद करा म्हणते ना!" आणि गाव हसलं, आणि मुलानं वळून बघितलं नाही. मी पुन्हा ओरडले. पुन्हा हसले. आयुष्यात जे ओरडायचं ते सगळं या कार्ट्यांनी आधीच वापरून टाकलं होतं. माणूस खाली हाय, असं म्हणायचं मला सुचलं नाही. ज्यांना सुचलं असतं त्यांनी तिथं यावं.

पळत जाऊन त्याला ओढणं जमणार नव्हतं. मधे जनरेटरचा दांडा गरगर फिरत होता, माझं लुगडं त्यात गेलं असतं, आणि माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत. मी पायातली चप्पल काढली आणि फेकली.

ती मुलाच्या कानशिलावर बसली. तो ताडकन वळला, शिवी तोंडात तयार. त्याला वाटलं गावातल्या कोणी मारली. बघतो तर मी, एक पाय अनवाणी, आणि बोट त्या पायांकडं. त्यानं पाय बघितले. दांडा वर ओढला. तेवढं मात्र त्यानं पटकन केलं.

ट्रॉली थांबली, थरथरली, पुन्हा वर गेली. डोंगरातला पुढून पळत आला, त्यानं काही विचारलं नाही, दोन्ही पाय धरले आणि क्रेट ओढावा तसा त्याला बाहेर ओढला. शर्ट आतच राहिला. पाठीची सालटं निघालेली, एक खांदा खाली लोंबलेला. डोळे उघडे. माझ्याकडं बघून म्हणाला,

"आज्जी, वायर निघाली का?"

मी त्याला एक ठेवून दिली. मोडलेल्या बाजूला नाही, दुसऱ्या.

मुलानं ट्रॅक्टर बंद केला. तेव्हा कुठं माझा आवाज थांबला. मुलगा खाली उतरला आणि चाकाला पाठ लावून बसला तो बराच वेळ उठला नाही. नात पुढून आली, कोपर सोललेलं, तिनं आधी त्या पोराला बघितलं, मग बापाकडं गेली. "पप्पा, वाचला तो," म्हणाली. मुलगा म्हणाला, "मला म्हाईत न्हवतं." तेच तेच म्हणत राहिला.

एवढ्यात कमिटीतला दुसरा एकजण आला, हातात नारळ आणि टॉवेल. "लई भारी, राव! स्टेज उचलायचं तर कुनाच्या बापाला सुचलं न्हवतं. आन आज्जींचा तो चप्पल मारायचा सीन, एक नंबर. फुडल्या वर्षी बी तुमीच." मी त्याच्याकडं बघितलं. तो टॉवेल मी घेतला आणि पोराच्या खांद्याला बांधला. नारळ त्याचा त्याला दिला.

मंचरला दवाखान्यात नेलं. गळ्याखालचं हाड मोडलं होतं, पाठीला पट्ट्या. डॉक्टरांनी सांगितलं, एवढ्यावर निभावलं. जुन्नरहून त्याचे आईवडील आले. वडील आत गेले. आई बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसली. मी बोलायची वाट बघत होते, काय बोलते ती. तिला हक्क होता.

तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "तुमीच का त्या, बंद करा ते?"

मी म्हटलं, "मीच."

"आमच्या घरात दिवसभर तुमचाच आवाज असतो. मोबाईलवर. माझ्या सासूला वाटायचं आमी तिलाच चिडवतो." मग ती रडली. रडून झाल्यावर तिनं माझ्या पायाकडं बघितलं, एकाच पायात चप्पल. तिनं आपली काढून दिली. ती मला लहान होती. तरी घातली. नाही म्हणायला ती वेळ नव्हती.

दोन आठवड्यांनी तो पोरगा खांदा बांधलेला घेऊन चाळीत आला. नवा कांदा भरायला चाळ लागणार होती, म्हणून सगळे सामान आवरायला आले होते. मला वाटलं, आता तरी काही शिकले असतील. कसलं काय. नात म्हणाली, "आज्जी, त्या दिवशीसारखं एकदा वरडशील का? फक्त एकदा. तो आवाज येगळा व्हता." डोंगरातला म्हणाला, "आन चप्पल बी घेऊ, आज्जी. शेवटाला. लोकं मागत्यात."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, "ऐका. माजा आवाज तुमच्या त्या डब्यातनं काढा. सगळा. आत्ता, माज्यासमोर."

"आज्जी, नाटकातलं बेष्ट तेच हाय," नात म्हणाली.

"आसंल. मला घरात वरडायला लागतं. माजं वरडनं मला पायजे. तो खाली व्हता आन मी वरडत व्हते आन तुमी मला आधीच वाजवून टाकलं व्हतं. पुन्हा कोन खाली ग्येलं तर मी कशानं वरडू?"

मग जुन्नरच्या पोरानं एका हातानं मोबाईल काढला, बाकावर ठेवला, आणि एकेक करून पुसलं. मी बाजूला उभी राहिले. शेवटचं पुसायच्या आधी त्यानं माझ्याकडं बघितलं. "एक ठिऊ का, आज्जी? म्हशीचं?" मी म्हटलं, "न्हाई." त्यानं तेही पुसलं.

नाटक आता तसं चालत नाही. लोक विचारतात, आज्जीचा आवाज कुठं गेला. नातीनं त्या जागी नुसती कोठी वाजवायला लावली आहे, मला ती जास्त डोकं उठवते. स्टेज म्हणून ट्रॉली घेतात अजून, पण हायड्रॉलिकचा पाइप काढून, ट्रॅक्टर सोडवून, खाली लाकडाचे ओंडके लावून. ते ओंडके मुलगा स्वतः लावतो, कुणाला हात लावू देत नाही. आणि मग बांधावर बसून नाटक बघतो. शेताकडं तोंड करून बसत नाही.

माझी चप्पल त्या गावात राहिली. कुणी आणून दिली नाही.

त्या दिवशी ट्रॉलीवर सात जण होते आणि ट्रॉलीखाली एक. आठही जण जिवंत आहेत.